दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : कायदा आणि रयत

बेळगाव-निपाणीच्या परिसरात सार्वजनिक कार्याची परंपरा मोठी आहे. चळवळीत उडी घेणारे, तुरुंगवास भोगणारे, वृत्तपत्रे चालवणारे, शाळा काढणारे अनेक कार्यकर्ते या भूमीने दिले आणि त्यांची चरित्रे आपल्या वाचनालयाच्या कपाटांतून जपलेली आहेत. परंतु सार्वजनिक जीवनात आणखी एक काम असते. लोकप्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात बसावयाचे, कलमामागून कलम घासूनपुसून कायदा सिद्ध करावयाचा, त्याच्या अंमलबजावणीस लागणारा पैसा कोठून आणावयाचा याचा हिशेब मांडावयाचा, आणि इतके करूनही तो कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्या हाती पडेल की नाही हा प्रश्न मागे उरतोच. हे काम कंटाळवाणे, आकड्यांचे आणि टाळ्यांवाचूनचे असते. म्हणून त्याच्या कथा होत नाहीत. दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे यांनी आयुष्याची उमेदीची आणि परिपक्व अशी दोन्ही पर्वे या कामी घालवली. बेळगाव ही त्यांची कर्मभूमी. त्यांच्या चरित्राची ओळख नव्या पिढीच्या सभासदांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ मध्ये कुरुंदवाड येथे जैन कुटुंबात झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे गाव त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. इंग्रजी अंमल, कोल्हापूरचे छत्रपती आणि पटवर्धनांची लहान-लहान संस्थाने यांच्या हद्दी या टापूत एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक ओढा ओलांडला की राज्य बदले आणि राज्य बदलले की कायदा बदले. पुढे कायद्याशी ज्याचा जन्मभर संबंध यावयाचा होता, त्याचे बालपण अशा मुलखात गेले हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज तेव्हा मुख्यतः शेतकऱ्यांचा. कसणारा, बागायत करणारा, काटकसरी; परंतु शिक्षणात मागे. त्या समाजातून एम. ए., एलएल. बी. पर्यंत मजल मारणारा तरुण ही अपूर्वाईच होती. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीच्या घाटापाशी हे क्षेत्र लागते; आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल. सभेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत विशीतले लठ्ठे होते. यात्रेला जमणाऱ्या समाजाने देवदर्शनाबरोबर मुलांच्या शिक्षणाचाही विचार करावा, हा त्या सभेचा रोख होता. तिच्या प्रेरणेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशा ठिकाणी वसतिगृहे निघाली आणि खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शहरात राहून शिकू लागला. १९०५ मध्ये लठ्ठे यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखणीचा तो पहिला महत्त्वाचा उपक्रम.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापक झाले आणि नंतर संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचा तो भरभराटीचा काळ होता. १९०२ मध्ये महाराजांनी सरकारी नोकरीतील निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. ठिकठिकाणी जातवार वसतिगृहे उभी राहत होती. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाचे कार्य नव्याने सुरू झाले. लठ्ठे या वातावरणात वाढले आणि त्यातील अग्रगण्य विचारवंतांत गणले जाऊ लागले. तथापि त्या काळाच्या मर्यादांतून तेही सर्वस्वी सुटलेले नव्हते. ज्या जैन वसतिगृहाच्या चालकांपैकी ते एक होते, तेथील भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेला आणि परतल्यावर त्याने शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले. त्याला वसतिगृह सोडावे लागले. हेच पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील, रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक.

नियतीचा खेळ असा की याच भाऊरावांच्या सत्यनिष्ठेवर पुढे लठ्ठे यांचे भवितव्य अवलंबून राहिले. १९१४ मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्यास कोणी तरी डांबर फासले. इंग्रजी सत्तेच्या दृष्टीने हा राजद्रोहच. संशय जैन वसतिगृहाकडे आणि तेथून लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांना कोठडीत डांबले गेले, मारहाण झाली. असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, परंतु खोटी साक्ष दिली नाही. लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावास आले आणि वकिली करू लागले. संस्थानची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात येणे म्हणजे केवळ गाव बदलणे नव्हे. येथे निदान लिखित कायदा होता, अपिलाला जागा होती, पुराव्यावाचून माणसाला दोषी धरता येत नव्हते. राजाची मर्जी चांगली असली तर रयतेचे कल्याण होते हे त्यांनी कोल्हापुरात पाहिले होते. ती मर्जी फिरली तर काय होते हेही तेथेच पाहिले. लिखित नियमावरचा त्यांचा पुढचा भर या अनुभवातून दृढ झाला असावा, असे मला वाटते.

लठ्ठे यांनी मात्र ही अढी मनात धरली नाही. काळ गेला, गैरसमज निवळले आणि महाराजांशी त्यांचे संबंध पूर्ववत झाले. १९२२ मध्ये शाहू छत्रपतींचे निधन झाल्यावर त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत लिहिले ते लठ्ठे यांनीच. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पाठोपाठ मराठी चरित्रही आले. ज्याच्या राज्यातून आपल्याला निघावे लागले, त्याच्या कार्याची साधार नोंद पुढील पिढ्यांसाठी करून ठेवणे याला मनाचा मोठेपणा लागतो. शाहू चरित्राच्या प्रत्येक अभ्यासकाला या ग्रंथाशी थांबावेच लागते.

बेळगावच्या वास्तव्यात लठ्ठे राजकारणात आले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन रयत असोसिएशनच्या कामात ते अग्रभागी होते आणि त्या चळवळीचे ‘डेक्कन रयत’ हे इंग्रजी साप्ताहिक त्यांच्या संपादकत्वाखाली चालत असे. माँटेग्यू साहेबांच्या भेटीपासून नव्या सुधारणांची चर्चा सुरू होती. नवी कायदेमंडळे येणार, परंतु त्यांत कोण बसणार हा त्यांचा प्रश्न होता. शेतसारा भरणारा शेतकरी बहुसंख्य असूनही शिक्षणाच्या अभावी त्याचा प्रतिनिधी दुसराच कोणी ठरणार, ही भीती अनाठायी नव्हती. अखेर १९१९ च्या सुधारणांत मुंबई विधिमंडळातील सात जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखून ठेवण्यात आल्या. स्वतः लठ्ठे १९२० च्या निवडणुकीत मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९२३ पर्यंत दिल्ली-सिमल्याच्या अधिवेशनांत त्यांनी सभासद म्हणून काम केले. काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे सरकारशी सहकार्य करणारे म्हणून ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर टीका झाली, आणि लठ्ठे तिला अपवाद नव्हते. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ज्याला कालपर्यंत दरवाजाच उघडा नव्हता, त्याला तो उघडताच पाठ फिरवून जाणे सोपे नव्हते.

विसाव्या शतकाचे तिसरे दशक आपल्या भागात मोठे घडामोडींचे होते. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. १९२५ च्या एप्रिलात निपाणीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची प्रांतिक परिषद झाली. एका जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने भरलेल्या या दोन परिषदांत पुढच्या चौथाई शतकाचे राजकारण बीजरूपाने सामावले होते. लठ्ठे याच दशकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. ज्या नगरीतून एके काळी निघून यावे लागले, तिच्या कारभाराची सूत्रे हाती आली. दिवाणबहादूर ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची लागली. राज्यकारभाराचा, विशेषतः जमाखर्चाचा, जो अनुभव त्यांना येथे मिळाला तो दहा वर्षांनी कामी यावयाचा होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना बरीच स्वायत्तता दिली. १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मताचा अधिकार अजून सरसकट नव्हता. देशातील प्रौढांपैकी सुमारे सहावा हिस्साच मतदार होता. तरी पूर्वीच्या मानाने ही संख्या कितीतरी मोठी होती आणि खेड्यातला मध्यम शेतकरी प्रथमच मतपेटीजवळ आला. तोवर ब्राह्मणेतर चळवळीतील मोठा प्रवाह काँग्रेसमध्ये येऊन मिळाला होता. लठ्ठेही काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मंत्री सात. त्यांत मोरारजी देसाई यांच्याकडे महसूल, कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे गृह, डॉ. गिल्डर यांच्याकडे आरोग्य आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. मंत्र्यांचे वेतन काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे दरमहा ५०० रुपये. त्या वेळी लठ्ठे यांचे वय साठीच्या उंबरठ्यावर होते.

पुढची दोन वर्षे व काही महिने हा मुंबई प्रांताच्या कायदेकारणातील विलक्षण वेगाचा काळ ठरला. बेळगाव-निपाणीच्या मतदाराला आपल्या प्रतिनिधीकडून या दोन वर्षांचा हिशेब मागावासा वाटला असता, तर तो असा मांडावा लागला असता.

पहिली गोष्ट कर्जाची. १८७५ च्या दंग्यांनंतर दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी १८७९ चा कायदा झाला होता. परंतु सावकाराच्या वहीपुढे कुणब्याचा अंगठा निरुपायच होता. खेर मंत्रिमंडळाने प्रथम १९३८ मध्ये लहान खातेदारांस संरक्षण देणारा तात्पुरता कायदा केला. कोर्टाच्या हुकूमनाम्याखाली त्यांच्या जमिनींचे जे लिलाव व्हावयाचे, ते त्याने थोपवून धरले. मग १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा मुख्य कायदा आला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कर्जनिवारण बोर्डे नेमावयाची; ऋणकोने बोर्डाकडे अर्ज करावयाचा; धनकोने आपल्या येण्याचा तपशील मांडावयाचा; बोर्डाने मूळ व्यवहारापर्यंत मागे जाऊन हिशेब नव्याने करावयाचा. खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाणाचा आहे काय हे पाहण्याचा अधिकार बोर्डाला होता. शेवटी शेतकऱ्याची फेडीची ताकद पाहून हप्ते बांधून द्यावयाचे.

दुसरी गोष्ट कुळांची. १९३९ च्या कुळकायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षित कूळ असा दर्जा दिला. जमीनमालकाच्या लहरीखातर त्याला उठवता येईना. खंड वाजवी असावा असे बंधन आले. खंडाव्यतिरिक्त उकळल्या जाणाऱ्या बाबी आणि वेठ यांना मनाई झाली. तिसरी गोष्ट बाजाराची. शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारा १९३९ चा कायदा हाही याच मंत्रिमंडळाचा. माप, तोल, अडत, कटौती या सर्व ठिकाणी शेतकरी नागवला जात असे. उघड्यावर बोली, नियमानुसार वजन आणि बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी ही कल्पना या कायद्याने प्रांतभर आणली. निपाणीच्या तंबाखू उत्पादकाला हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता आणि कायदा होऊनही तो किती काळ सुटला नाही, हे १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने आणि ६ एप्रिलच्या गोळीबाराने साऱ्या देशाला दाखवून दिले.

याखेरीज कायदेभंगाच्या चळवळीत सरकारजमा झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देणारा कायदा, हरिजनांच्या मंदिरप्रवेशातील अडथळे दूर करणारा १९३८ चा कायदा आणि शेतसारा आकारणीची रीत कायद्यात आणणारी दुरुस्ती, अशी ही यादी लांबवता येईल. यांतील बहुतेक विधेयके अन्य मंत्र्यांनी मांडली. परंतु प्रत्येक विधेयकाच्या मागे एक प्रश्न उभा असे : पैसा कोठून? त्याचे उत्तर देणे लठ्ठे यांच्या वाट्याला आले होते.

त्यातही दारूबंदीचा प्रश्न सर्वांत कठीण. प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येत असे. एका बाजूने शाळा, दवाखाने, रस्ते वाढवावयाचे आणि दुसऱ्या बाजूने उत्पन्नाची हीच मोठी बाब स्वेच्छेने सोडावयाची, असा हा पेच होता. १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. ही खोट भरून काढण्यासाठी लठ्ठे यांनी १९३९ च्या अंदाजपत्रकात शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला. मोठ्या शहरांतील इमारतींच्या वार्षिक भाडेमूल्यावर शेकडा दहा असा त्याचा दर होता. पेट्रोल आणि कापड यांच्या विक्रीवरील करांचीही तरतूद झाली. मुंबईत एकच गहजब उडाला. घरमालक, व्यापारी, निरनिराळ्या समाजांचे पुढारी विरोधात उभे राहिले. खेड्याच्या अंगावर नवा बोजा न घालता शहरातील मिळकतीकडे हात वळवणारा हा अर्थमंत्री स्वतः खेड्यापाड्यांच्या जिल्ह्यातून आलेला होता, हे विसरून चालणार नाही.

तथापि गौरवाच्या भरात दुसरी बाजू झाकू नये. विधानसभेत विरोधी बाकावर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर बसले होते आणि लठ्ठे यांच्या अंदाजपत्रकांची त्यांनी केलेली चिकित्सा जितकी अभ्यासपूर्ण तितकीच कठोर होती. दारूबंदी हे ध्येय असले तरी अशिक्षित आणि दरिद्री प्रांतात शिक्षणाच्या आधी तिच्यावर पैसा खर्च करणे हा अग्रक्रम योग्य काय, हा त्यांचा मुद्दा सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता. त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक सरकारने स्वीकारले नाही. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी संप केला आणि त्या दिवशी गोळीबार झाला. रयतेच्या नावाने राजकारणात आलेल्या लठ्ठे यांच्यासारख्या मंत्र्याला या सामुदायिक जबाबदारीतून वेगळे काढता येणार नाही. कुळकायदाही पहिल्या स्वरूपात सावध आणि अर्धामुर्धाच होता. दारूबंदीची शहरी योजना मंत्रिमंडळ गेल्यानंतर टिकली नाही. तिच्यासाठी बसवलेला मालमत्ता कर मात्र पुढे राहिला. कर बसवणे आणि कर उठवणे यांत सरकारला पहिली गोष्ट अधिक साधते, हे सत्य तेव्हाही अनुभवास आले.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानाला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईचे मंत्रिमंडळ ४ नोव्हेंबरला पायउतार झाले. नुकतेच संमत झालेले कायदे गव्हर्नरांच्या हाती गेले. येथून जे घडले ते आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कुळकायदा १९४१ मध्ये फक्त ठाणे, सुरत, धारवाड आणि उत्तर कानडा या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. ज्या जिल्ह्याने प्रांताला अर्थमंत्री दिला, त्या बेळगाव जिल्ह्याला तो १९४६ मध्ये सर्व प्रांताबरोबर लागू झाला. कागदावर कायदा होऊन सात वर्षे लोटली होती. त्या सात वर्षांत किती कुळे उठवली गेली असतील, याची नोंद कोणत्या वहीत सापडणार? कर्जनिवारणाचा कायदाही प्रथम काही निवडक भागांपुरता राहिला आणि १९४७ मध्ये नव्या स्वरूपात सर्वत्र आला.

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जमिनीच्या उताऱ्यांबरोबर कर्जनिवारण बोर्डाच्या निवाड्याचा एक जीर्ण कागद होता. आजोबांना वाचता येत नसे; परंतु तो कागद ते दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवीत. लहानपणी मला त्याचे हसू येई. बोर्ड म्हणजे काय, ते कोणी आणले, त्याला अर्ज करण्याची मुदत होती हे त्यांना गावातील एका शिकलेल्या माणसाने सांगितले, आणि त्याने ते वाचनालयातल्या वर्तमानपत्रात वाचले होते, असे वडील सांगत. शेजारच्या भावकीतील एका घराला ही गोष्ट वेळेवर कळली नाही. त्यांची चार एकर जमीन सावकाराकडे गेली ती गेलीच. कायदा एकच होता. फरक पडला तो केवळ बातमी पोचण्याचा.

या ठिकाणी वाचनालयाचा संबंध येतो. खेर मंत्रिमंडळाच्याच काळात, १९३९ मध्ये, आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि शेवटी खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी उभारावी, अशी योजना तिने सुचवली. कर्ज, कूळ, बाजार यांविषयीचे कायदे करणाऱ्या सरकारला त्याच दिवसांत ग्रंथालयांचा विचार सुचावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. लोकांनी वाचावे ही इच्छा असल्याखेरीज लोकांसाठी केलेला कायदा लोकांपर्यंत जात नाही.

अण्णासाहेबांचे १९५० मध्ये निधन झाले. त्याच वर्षाच्या २६ जानेवारीला देशाने संविधान अमलात आणून प्रजासत्ताकाची स्थापना केली होती. राजाच्या मर्जीच्या मुलखात जन्मलेल्या या माणसाला लिखित संविधानाचे राज्य पाहून जाता आले. प्रौढ मताधिकारावरील पहिली सार्वत्रिक निवडणूक मात्र त्यांना दिसली नाही. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी आज त्यांचे नाव चालवते.

त्यांच्या पश्चात सहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. या घटनेचे भाषिक आणि भावनिक परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. कायद्याच्या दृष्टीने काय झाले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. मुंबईच्या सुधारित कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला होता. त्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला जावयाचा होता. कागलच्या कुळाला हा लाभ मिळण्याची वाट मोकळी झाली. कोगनोळीच्या अलीकडील कुळाला मात्र नाही, कारण म्हैसूर सरकारने १९५७ मध्ये त्या तरतुदी स्थगित केल्या. त्याला १९६१ च्या आणि मुख्यतः १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या कर्नाटकच्या भूसुधारणेपर्यंत थांबावे लागले. तेव्हाही सात नंबरचा फॉर्म मुदतीत भरून लवादापुढे जाणे आवश्यक होते. नियम, सूचना आणि फॉर्म कन्नडमध्ये, वाचणारा मराठी. ज्याला कोणी समजावून सांगितले तो मालक झाला. ज्याला सांगितले गेले नाही त्याची जमीन गेली. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही सीमाभागातील मराठी भाषकांची मागणी अस्मितेपुरतीच आहे असे समजणाऱ्यांनी सात नंबरच्या फॉर्मची ही हकिकत आठवावी. तिच्यात भाकरीचा प्रश्न आहे. आणि हीच अडचण उद्या महाराष्ट्रात राहणाऱ्या कन्नड शेतकऱ्याची असेल, तर त्यालाही न्याय तोच लागू करावा लागेल.

लठ्ठे यांच्या चरित्राकडे या अनुभवाच्या उजेडात पाहिले म्हणजे त्यांचे वेगळेपण आणि त्यांची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. ते लोकनायक नव्हते. त्यांच्या नावाने घोषणा दिल्या गेल्या नाहीत. पक्ष बदलला म्हणून जुन्या सहकाऱ्यांनी आणि दिवाणगिरी केली म्हणून नव्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले असेल. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला वसतिगृह, मग कायदेमंडळात जागा, मग कर्जातून सुटका आणि जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क, असा जो क्रम त्यांच्या आयुष्यात दिसतो, तो एका सुसंगत मनाची साक्ष देतो. स्तवनिधीच्या सभेत जे काम त्यांनी हाती घेतले, तेच चाळीस वर्षांनी त्यांनी अंदाजपत्रकाच्या आकड्यांत मांडले.

कायदेमंडळात कायदा संमत झाला की प्रतिनिधीचे निम्मे काम होते. उरलेले निम्मे मतदारसंघात येऊन, चावडीवर, बाजारात, शाळेच्या ओट्यावर करावयाचे असते : काय संमत झाले, कोणाला लागू आहे, अर्ज कोठे करावयाचा, मुदत कधी संपते. युद्धामुळे आणि राजीनाम्यामुळे लठ्ठे यांच्या पिढीचे हे उरलेले निम्मे काम अपुरे राहिले. ते कोणी ना कोणी पुरे करत असतो. कधी एखादा शिक्षक, कधी तलाठी, कधी वाचनालयात वर्तमानपत्र वाचून ते चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवणारा सभासद. आपल्या वाचनालयाने शंभर वर्षांत पुस्तके किती दिली याची मोजदाद नोंदवहीत आहे. येथे वाचलेल्या एखाद्या बातमीने कोणाची जमीन वाचली, कोणाचे कर्ज फिटले, याची नोंद कोठेही नाही. तरीही संस्थेच्या पुण्याईत तिची गणना प्रथम करावी लागेल. अण्णासाहेब लठ्ठे यांच्या स्मृतीला अभिवादन करताना वाचनालयाच्या त्या अनाम सभासदांनाही नमस्कार करून मी हा लेख पुरा करतो.